माणसांवरचे मानसशास्त्रीय प्रयोग : मिलग्रमचा प्रयोग आणि संमतीचा प्रश्न



अभियांत्रिकीच्या नोट्समध्ये मानसशास्त्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टची यादी काढून बघा. पेंगणाऱ्या ड्रायव्हरला जागे करणारी यंत्रणा, डोक्याला ईईजीचा पट्टा लावून एकाग्रता मोजणे, दोन मोबाईल ॲपपैकी वापरायला सोपे कोणते याची चाचणी, कॉलेजातल्या लोकांना बनावट ईमेल पाठवून किती जण फसतात ते पाहणे. या प्रत्येक ठिकाणी तपासणीच्या टेबलावर माणूस आहे. काँक्रीटचा ठोकळा मशीनमध्ये घालून फुटेपर्यंत दाबायची आपल्याला मुभा असते, किंबहुना तो फुटल्याशिवाय आकडाच मिळत नाही. माणसाच्या बाबतीत कुठे थांबायचे हे आधी ठरवावे लागते, आणि ते प्रयोगकर्त्याने एकट्याने ठरवायचे नसते.

मराठी मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला ‘प्रयुक्त’ म्हणतात. प्रयुक्त म्हणजे योजलेला, वापरलेला. आता ‘सहभागी’ हा शब्द जास्त दिसतो. हा नुसता शब्दांचा बदल नाही. वापरल्या जाणाऱ्याला कोणी विचारत नाही, सहभागी होणाऱ्याला विचारावे लागते. हा बदल का करावा लागला हे समजून घ्यायला एकच प्रयोग नीट पाहिला तरी पुरे, म्हणून या पाठात आपण त्यावरच जास्त वेळ घालवणार आहोत.

प्रयोग कसा रचला होता

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन हे गाव आहे, तिथे येल विद्यापीठ आहे. १९६१ च्या उन्हाळ्यात तिथल्या वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी ५०० पुरुष हवेत, तासाभराचे काम, ४ डॉलर आणि वर येण्याजाण्याचे ५० सेंट. वय २० ते ५०. जाहिरात देणारे स्टॅनली मिलग्रम त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचेही पुरते झालेले नव्हते. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये आइकमान या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालू होता आणि ‘मी फक्त हुकूम पाळला’ हा त्याचा बचाव जगभर चर्चेत होता. मिलग्रम यांचे आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू होते. साधी माणसे हुकूम किती दूरवर पाळतात, हा त्यांचा प्रश्न पुस्तकी नव्हता.

आलेल्या माणसाला प्रयोगशाळेत आणखी एक जण भेटे, सुमारे सत्तेचाळीस वर्षांचा, गोड स्वभावाचा. चिठ्ठ्या टाकून एकाने शिक्षक व्हायचे आणि दुसऱ्याने विद्यार्थी, असे सांगितले जाई. दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’ असेच लिहिलेले असे. तो दुसरा माणूस मिलग्रम यांचाच होता. त्याला शेजारच्या खोलीत खुर्चीला पट्ट्यांनी बांधून मनगटाला इलेक्ट्रोड लावत. शिक्षकाने शब्दांच्या जोड्या वाचायच्या, विद्यार्थी चुकला की विजेचा झटका द्यायचा, आणि प्रत्येक चुकीला एक पायरी वर जायचे. राखाडी कोट घातलेला प्रयोगकर्ता मागे बसलेला असे.

यंत्राकडे आपल्या नजरेने बघू. पॅनेलवर एका ओळीत ३० स्विच, १५ व्होल्टपासून ४५० व्होल्टपर्यंत, १५ व्होल्टच्या पायऱ्यांनी. खाली ‘सौम्य झटका’पासून ‘धोका : तीव्र झटका’पर्यंत पट्ट्या, आणि शेवटच्या दोन स्विचांखाली शब्दही नाहीत, नुसत्या तीन फुल्या. स्विच दाबला की लाल दिवा लागे, निळा दिवा लुकलुके, रिलेची टिकटिक होई, मीटरचा काटा उजवीकडे झुके. कोपऱ्यात कंपनीचे नाव आणि गावही कोरलेले होते. हे सगळे नाटक होते. समोरच्याला झटका बसतच नव्हता. फक्त शिक्षकाला सुरुवातीला नमुन्यादाखल ४५ व्होल्टचा एक खरा झटका देत, आणि तोही आत बसवलेल्या ४५ व्होल्टच्या बॅटरीतून. (व्होल्टवरून झटक्याची तीव्रता ठरत नाही, शरीरातून किती प्रवाह जातो यावरून ठरते, हे तुम्हाला पहिल्या वर्षी शिकवले आहे. हा आक्षेप त्या खोलीत बसलेल्याला सुचला असता का, याचा मात्र विचार करा.)

शिक्षक कचरला तर प्रयोगकर्त्याकडे क्रमाने चार ठरलेली वाक्ये होती. आधी, कृपया चालू ठेवा. मग, प्रयोगासाठी तुम्ही चालू ठेवणे गरजेचे आहे. नंतर, चालू ठेवणे अत्यावश्यक आहे. आणि शेवटी, तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे जायलाच हवे. चौथ्या वाक्यानंतरही माणूस नाही म्हणाला तर प्रयोग थांबे.

आधी मानसोपचारतज्ज्ञांना अंदाज विचारला होता. ४५० पर्यंत हजारात एखादाच जाईल असे त्यांचे मत पडले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधात ४० पुरुषांचे निकाल आहेत. ३०० व्होल्टच्या आधी एकही थांबला नाही. ३०० व्होल्टला शेजारच्या खोलीतून भिंतीवर धडका ऐकू येत, तिथे पाच जणांनी हात आखडला. आणि २६ जण, म्हणजे ६५ टक्के, शेवटच्या स्विचपर्यंत गेले.

हा ६५ चा आकडा सगळीकडे फिरतो आणि त्याचा अर्थ बहुधा ‘माणूस मुळात क्रूर’ असा लावला जातो. माझ्या मते हे वाचन चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का हे मिलग्रम यांच्याच पुढच्या प्रयोगांतून दिसते. त्यांनी एकेक घटक बदलून पाहिला, जसे आपण प्रयोगशाळेत एक चल बदलून बाकीचे स्थिर ठेवतो. विद्यार्थी त्याच खोलीत बसवला तर शेवटपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले. त्याचा हात धरून प्लेटवर दाबायला सांगितले तेव्हा ३० टक्क्यांवर. प्रयोगकर्ता खोलीबाहेर गेला आणि फोनवरून सूचना देऊ लागला तेव्हा साधारण २० टक्क्यांवर, आणि त्यातले काही जण फोनवर ‘हो, वाढवतोय’ म्हणत आणि प्रत्यक्षात सर्वांत खालचा स्विच दाबत. शेजारी बसलेले दोन जोडीदार उठून गेले तेव्हा ४० पैकी चारच शेवटपर्यंत गेले. माणूस क्रूर असता तर साहेब बाहेर गेल्यावर त्याने आनंदाने झटके दिले असते. इथे उलट झाले. माणसाला थांबायचे होते, पण समोर बसलेल्या साहेबाला ‘नाही’ म्हणता येत नव्हते.

आता दुसऱ्या बाजूने बघा

ज्यांनी स्विच दाबले त्यांचे काय झाले, हेही त्याच १९६३ च्या निबंधात लिहिलेले आहे. माणसे घामाघूम झाली, थरथरली, ओठ चावत राहिली, तळहातात नखे रुतवत राहिली. ४० पैकी १४ जण विचित्र, अवेळी हसू लागले. तिघांना आवरता न येणारे झटके आले, त्यातल्या एकासाठी प्रयोग थांबवावा लागला. म्हणजे खोटे झटके शेजारच्या खोलीत आणि खरे झटके या खोलीत, असा प्रकार झाला.

१९६४ मध्ये डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’मध्ये यावर टीका केली. प्रयोगशाळेत येणारा माणूस विश्वासाने येतो आणि प्रयोगकर्त्याचे ऐकायचे या तयारीनेच येतो, त्या विश्वासाचाच इथे वापर झाला, असा त्यांचा मुद्दा होता. शिवाय स्वतःविषयी एवढी कडू गोष्ट कळून घ्यायला त्याने संमती दिलेली नव्हती. तो स्मरणशक्तीच्या अभ्यासाला आला होता.

मिलग्रम यांचे उत्तरही ऐकून घ्यायला हवे. प्रयोगानंतर सगळा खुलासा केला, विद्यार्थी झालेल्या माणसाची हसतखेळत भेट घडवली, नंतर अहवाल आणि प्रश्नावली पाठवली असे त्यांचे म्हणणे होते. प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्यांपैकी ८४ टक्के लोकांनी भाग घेतल्याचा आनंद असल्याचे कळवले, जेमतेम १.३ टक्क्यांनी खेद व्यक्त केला. अनेक वर्षे हा आकडा त्यांच्या बाजूचा मोठा पुरावा मानला गेला.

त्यावर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला तर्काचा. नंतर ‘बरे झाले’ म्हणणे म्हणजे आधी परवानगी देणे नव्हे. विना परवाना इमारत बांधली आणि ती पडली नाही, तर परवाना लागतच नव्हता असे सिद्ध होत नाही. दुसरा पुराव्याचा. ऑस्ट्रेलियाच्या जीना पेरी यांनी येलमधले मूळ कागद आणि ध्वनिफिती तपासून २०१२ साली पुस्तक लिहिले. त्यात दिसले की बऱ्याच जणांना त्या दिवशी पूर्ण खरे सांगितलेच नव्हते. झटके वाटले तेवढे जोराचे नव्हते, एवढे सांगून घरी पाठवलेले लोक होते. पूर्ण सत्य त्यांना कित्येक महिन्यांनी टपालाने आलेल्या अहवालातून कळले. आपण एखाद्याला इजा केली, हे ओझे घेऊन ही माणसे तेवढा काळ त्याच लहान गावात वावरली. चार ठरलेल्या वाक्यांपलीकडे जाऊन प्रयोगकर्ता आग्रह करत राहिल्याचेही फितींवर ऐकू येते, म्हणजे वैज्ञानिक बाजूही वाटते तेवढी स्वच्छ नव्हती.

पण सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा मला वेगळाच वाटतो. ४ डॉलर फक्त आल्याबद्दल आहेत, पुढे काहीही झाले तरी ते तुमचेच, असे त्या माणसांना आधीच सांगितले होते. दार उघडे होते. कागदावर पाहिले तर प्रत्येक जण कधीही उठून जाऊ शकत होता. तरीही २६ जण उठले नाहीत. म्हणजे ‘त्याला नको होते तर तो गेला असता’ ही पळवाट मिलग्रम यांच्याच निष्कर्षाने बंद होते. प्रयोग खरा मानला तर सुरुवातीची संमती पुरेशी नाही हे मान्य करावे लागते, कारण खुर्चीत बसल्यावर ती संमती मागे घेणे किती अवघड असते हेच तर त्याने मोजले. आणि ‘तुम्हाला दुसरा पर्याय नाही’ हे चौथे वाक्य म्हणजे बाहेर पडण्याचा हक्क नाकारणे होते. ते वाक्य खोटे होते हे फक्त प्रयोगकर्त्याला माहीत होते.

नियम कसे आले

वैद्यकातल्या प्रयोगांसाठी १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आधीच होती, आणि तिचे पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे आहे. पण मानसशास्त्रज्ञांना ती आपल्याला लागू आहे असे फारसे वाटत नव्हते. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो यांनी तळघरात बनावट तुरुंग उभारला, दिवसाला १५ डॉलरवर तरुणांना कैदी आणि पहारेकरी केले. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत गुंडाळावा लागला. झिम्बार्डो स्वतः तुरुंगाचे अधीक्षक झाले होते, म्हणजे थांबवायचे कोणी तर ज्याला निकाल हवा आहे त्यानेच. त्यांना भानावर आणले ते क्रिस्टिना मॅसलॅक या बाहेरून आलेल्या तरुण संशोधिकेने. (मिलग्रम आणि झिम्बार्डो न्यूयॉर्कच्या एकाच हायस्कूलमध्ये एका वर्गात होते, हा योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही.) पुढच्याच वर्षी टस्कीगीचा वैद्यकीय घोटाळा उघड झाला, त्यात काळ्या रुग्णांना सिफिलिसवर उपचार न देता ४० वर्षे नुसते पाहत राहिले होते. मग अमेरिकेत १९७४ चा कायदा आणि १९७९ चा बेलमाँट अहवाल आला. व्यक्तीचा आदर, हित पाहणे आणि न्याय ही त्याची तीन तत्त्वे. यातल्या न्यायाकडे सहसा दुर्लक्ष होते. त्याचा अर्थ असा की प्रयोगाचा त्रास हाताशी सापडणाऱ्या गरजू माणसांच्या माथी मारायचा आणि फायदा दुसऱ्यांनी घ्यायचा, असे चालणार नाही.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती आरोग्य संशोधनासाठी असली तरी त्यात सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय संशोधनाचाही विचार आहे. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या थेट कामाच्या आहेत. वरिष्ठ-कनिष्ठ नात्यातल्या ज्या लोकांवर दबाव येऊ शकतो, त्यांत विद्यार्थ्यांचाही उल्लेख आहे. आणि वयाचा मुद्दा : १८ वर्षांखालील सहभागीसाठी पालकांची संमती लागते, शिवाय १२ ते १८ वयाच्या मुलाची स्वतःची लेखी तयारीही घ्यायची असते. दहावीनंतर पदविकेला आलेली मुले सोळा वर्षांची असतात. तुमच्या ॲपची चाचणी ‘खालच्या वर्गातल्या पोरांवर’ घ्यायचे ठरवाल तेव्हा हे आठवा.

मग फसवणूक कधीच चालत नाही का? तसे नाही. काही प्रश्न असे असतात की आधी सांगितले तर उत्तरच बदलते. समितीने तपासून परवानगी द्यायची, धोका अगदी कमी असायचा, दुसरा मार्ग नसायचा आणि नंतर पूर्ण खुलासा करायचा, या अटींवर दिशाभूल मान्य होते. याचा चांगला नमुना जेरी बर्गर यांनी सांता क्लारा विद्यापीठात दाखवला. मिलग्रम यांच्या नोंदी पाहताना त्यांच्या लक्षात आले की १५० व्होल्टच्या पुढे गेलेल्यांपैकी ७९ टक्के थेट शेवटपर्यंत गेले होते. मग ४५० पर्यंत नेण्याची गरजच काय? त्यांनी १५० ला प्रयोग थांबवला. त्याआधी लोकांची दोन टप्प्यांत चाळणी केली, नमुन्याचा झटका ४५ ऐवजी १५ व्होल्टचा ठेवला, कधीही उठून जाता येईल हे किमान तीनदा सांगितले, प्रयोगकर्ता म्हणून एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला बसवले आणि संपताक्षणी सगळे खरे सांगितले. २००९ मध्ये निकाल आला : ७० टक्के लोक १५० च्या पुढे जायला तयार होते. मिलग्रम यांच्याकडे हे प्रमाण ८२.५ टक्के होते. प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि कोणाला झटके येईपर्यंत ताणावे लागले नाही. इंजिनिअरला आवडावे असे हे डिझाइन आहे. विनाशक चाचणीऐवजी अविनाशक चाचणी.

उलट उदाहरण आपल्या क्षेत्रातले आहे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या न्यूज फीडमधून काहींना आनंदी, काहींना दुःखी पोस्ट कमी दाखवल्या आणि त्यानंतर ते लोक स्वतः काय लिहितात ते मोजले. २०१४ मध्ये निबंध छापून आला तेव्हा लोकांना कळले. वापराच्या अटींना ‘मान्य’ म्हटले होते तीच संमती, असा युक्तिवाद झाला. परिणाम फारच छोटा होता हे खरे, आणि निबंध छापणाऱ्या नियतकालिकालाच नंतर संमतीबाबत चिंता व्यक्त करणारी टीप द्यावी लागली हेही खरे. तुमच्यातले बरेच जण पुढे अशाच कंपन्यांत ए/बी टेस्टिंगचा कोड लिहिणार आहात. बटणाचा रंग बदलणे आणि माणसाचा मूड बदलायला बघणे यांतली रेघ कोडमध्ये दिसत नाही.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये

गाइड सरांनी वर्गात ‘कोण कोण येणार?’ असे विचारले आणि सगळे हात वर झाले, तर त्याला स्वयंसेवक मिळाले असे म्हणू नका. ज्यांच्या हातात तुमचे इंटर्नल मार्क आहेत त्यांनी विचारलेले असते. राखाडी कोट आणि गाइडची खुर्ची यांत मला फारसा फरक वाटत नाही. म्हणून नोटीस बोर्डावर लावा, नावे विद्यार्थ्यांनीच घ्यावीत, आणि कोण आले, कोण मधून उठून गेले हे शिक्षकांना कळू नये अशी व्यवस्था करा.

बनावट ईमेलच्या प्रोजेक्टला दिशाभूल अटळ आहे. तिथे प्राचार्यांची आणि असेल तर नैतिकता समितीची लेखी परवानगी आधी घ्या. लिंकवर क्लिक झाले एवढेच मोजा, कोणी टाकलेला पासवर्ड साठवू नका, अहवालात फक्त एकूण आकडे द्या आणि चाचणी संपली की सगळ्यांना कळवा. शिष्यवृत्ती रद्द झाली, फी परत मिळणार अशा मजकुराचे मेल वापरू नका. ज्याच्या घरी त्या पैशावर हिशेब चालतो त्याची ती रात्र तुमच्या आलेखात दिसणार नाही.

संमतीपत्र सहभागी माणसाला कळेल अशा भाषेत लिहा. नमुन्यासाठी, झोप आणि प्रतिसादाचा वेग या प्रोजेक्टचे पत्र साधारण असे होईल :

‘आम्ही अंतिम वर्षाचे विद्यार्थी आहोत. रात्रीची झोप आणि दिवा लागल्यावर बटण दाबायला लागणारा वेळ यांचा संबंध पाहत आहोत. तुम्हाला सुमारे वीस मिनिटे संगणकासमोर बसावे लागेल. डोळे थकू शकतात. काल किती तास झोपलात हे विचारू. नावाऐवजी क्रमांक लिहू. तुम्हाला यातून थेट फायदा नाही. केव्हाही, कारण न सांगता, उठून जाता येईल. मार्कांवर किंवा हजेरीवर त्याचा परिणाम होणार नाही. तुमची माहिती काढून टाका असे अहवाल जमा होण्याआधी कधीही सांगितले, तर आम्ही ती पुसून टाकू.’

शेवटचे वाक्य लिहिण्याआधी फाइल त्या पद्धतीने ठेवली आहे का ते तपासा. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या ठिकाणी, कुलूपबंद ठेवलेली असेल तरच एखाद्याची ओळ शोधून पुसता येते. ती यादीच केली नसेल तर हे आश्वासन देऊ नका, त्याऐवजी ‘चाचणी संपवून बाहेर पडल्यावर तुमची माहिती वेगळी काढता येणार नाही’ असे स्पष्ट लिहा. आणि चाचणी चालू असताना दर पाच मिनिटांनी पडद्यावर ‘पुढे चालू’ आणि ‘थांबतो’ अशी दोन बटणे दाखवा, सारख्याच आकाराची.